खरेदीच्या नादाचे मोजमाप

अंगात ताप किती, हे थर्मामीटर सांगतो. वजन काटा सांगतो. पण खरेदीचा नाद मोजायचा कसा? त्यासाठी मानसशास्त्रज्ञ प्रश्नावली वापरतात.

ईदला किंवा दिवाळीला नवे कपडे घेणे हा काही आजार नव्हे. पण काही जणांना गरज नसतानाही वस्तू घेतल्यावाचून राहवत नाही. घेताना बरे वाटते, नंतर पश्चात्ताप होतो; तरी हात थांबत नाही. जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या विकाराची नोंद केली होती.

१९९२ साली अमेरिकेत फेबर आणि ओग्विन या संशोधकांनी एक प्रश्नावली तयार केली. बँकेत पुरेसे पैसे नाहीत हे ठाऊक असूनही चेक लिहिला का, असे तीत विचारले होते. पण श्रीमंताच्या खात्यात पैसे असतातच. मग त्याचा नाद कसा कळणार? म्हणून २००८ साली रिजवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी सहा विधाने तयार केली. ‘माझ्या कपाटात न उघडलेल्या पिशव्या आहेत,’ अशा अर्थाचे त्यांतील एक होते.

पुढे ऑनलाइन खरेदी वाढली. दुकानात चार माणसे पाहतात. मोबाइलवर कोणी पाहत नाही. तो बाजार रात्रीही बंद होत नाही. २०१५ साली नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या आंद्रेयासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात विधाने निवडली. सतत खरेदीचाच विचार येणे, मन हलके करण्यासाठी खरेदी करणे, कमी करायचे ठरवूनही न जमणे, अडवल्यास बेचैन होणे, अशा गोष्टी त्यांत आहेत. प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण असतात. निदान चार विधानांना ३ किंवा ४ गुण मिळाले, तर सावध व्हावे.

मुलांनो, थर्मामीटरला फसवणे कठीण. प्रश्नावलीला फसवणे सोपे. लाजेने खोटे उत्तर दिले की माप चुकते. शिवाय गुण म्हणजे रोगाचे निदान नव्हे. ते काम डॉक्टरांचे. म्हणून ही प्रश्नावली दुसऱ्यावर शिक्का मारण्यासाठी वापरू नये. तिचा पहिला उपयोग स्वतःला खरे उत्तर देण्यासाठी आहे.

शब्दार्थ
नाद – छंद, वेड
विधान – वाक्यात मांडलेले मत
बेचैन – अस्वस्थ
निदान – (१) कमीत कमी. (२) रोगाची ओळख

स्वाध्याय
१. चेकविषयीच्या प्रश्नात कोणती उणीव होती?
२. ऑनलाइन खरेदीचा नाद इतरांना लवकर का कळत नाही?
३. ‘निदान’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वाक्यात वापरा.