शेताचा कर्ण आणि पावसाचा मध्यक

परभणी जिल्ह्यात जमिनीचा व्यवहार आजही एकर-गुंठ्यांत बोलला जातो. ३३ फुटांची एक साखळी. तेवढी बाजू असलेला चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. पुस्तकातला चौकोन बहुधा काटकोनी असतो. शेत मात्र क्वचितच तसे असते.

समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावा, हा जुना ठोकताळा. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानेही तो दिला. पण स्थूल क्षेत्रफळ म्हणून. समजा, चारही बांध १३ साखळ्यांचे आहेत. या रीतीने शेत १६९ गुंठे, म्हणजे ४ एकर ९ गुंठे भरते. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी धरली आणि ती २४ साखळ्या भरली. या कर्णाने शेताचे दोन त्रिकोण होतात. उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यातून कर्णावर टाकलेला लंब ५ साखळ्यांचा येतो, कारण १२ व ५ यांच्या वर्गांची बेरीज म्हणजेच १३ चा वर्ग. प्रत्येक त्रिकोण ६० गुंठ्यांचा आणि सारे शेत १२० गुंठ्यांचे, म्हणजे अवघे ३ एकर! ठोकताळ्यावर विसंबणारा खरेदीदार सुमारे सव्वा एकराचे पैसे फुकट मोजतो. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त फटकारले आहे, ते उगाच नव्हे.

सरासरी पावसाच्या आकड्यांतही अशीच चकवते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. उदाहरणादाखल, एका तालुक्यातील पाच मंडळांत २४०, ७०, ६०, ५५ आणि ५० मिलिमीटर पाऊस झाला असे धरू. बेरीज ४७५, मध्य ९५. तालुका पेरणीस योग्य ठरला! परंतु आकडे चढत्या क्रमाने मांडले की मधला आकडा, म्हणजे मध्यक, ६० येतो. पाचांपैकी चार मंडळांत पुरेशी ओल नाही. तेथे पेरलेले सोयाबीन उगवेलच याची खात्री नाही, आणि दुबार पेरणीचे बियाणे शेतकऱ्यालाच विकत घ्यावे लागते.

म्हणून मध्य टाकाऊ ठरत नाही. पूर्णेवरील येलदरी धरणाच्या पाणलोटात एकंदर किती पाणी पडले, हे काढताना सरासरीच हवी. फक्त लहानमोठ्या क्षेत्रांना त्यांच्या आकारमानाप्रमाणे भार द्यावा लागतो.