क्यूला नवी टिप बसवताना

जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावात राहून ज्याने स्वतःचा क्यू घेतला आहे, त्याने टिप बदलायला शिकूनच घ्यावं. एवढ्याशा कामासाठी क्यू पुण्याला न्यायचा म्हणजे एसटीचे हेलपाटे आणि मधले दिवस क्लबच्या काठीवर काढणं. काम घरी होण्यासारखं आहे. ते चांगलं झालं की नाही, हे टिपच्या किमतीवर फारसं ठरत नाही. टिपच्या खालचं पितळ किती सपाट आहे, यावर ठरतं.

उघड्या लाकडाने चेंडू मारला की टोक घसरायचं. क्यूला चामडं लावण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिंगो या फ्रेंच खेळाडूने रूढ केली, असं मानलं जातं. चेंडूला हवी तशी फिरकी देणं त्यानंतरच जमू लागलं. स्नूकर जन्मला तो १८७५ साली जबलपूरच्या छावणीत. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, १९८५ चा. एवढ्या मोठ्या खेळाडूंचा क्यूसुद्धा चेंडूला भिडतो तो सेंटिमीटरभर रुंदीच्या चामड्याच्या चकतीनेच.

टिप घासून दोनेक मिलिमीटरवर आली, वरून काचेसारखी चकाकू लागली, चॉक धरेनाशी झाली किंवा तिच्या कडा पितळाबाहेर फुगून आल्या की बदलायची वेळ झाली. चॉक लावूनही मिसक्यू होत असेल, तर आधी टिप नखाने दाबून पाहा. दगडासारखी लागली तर तिच्यात राम उरलेला नाही.

नवी घेताना आधी कड्याचा, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या पितळी फेरूलचा, व्यास मोजा. स्नूकरच्या क्यूला तो साधारण ९ ते १० मिलिमीटर असतो. टिप त्याहून अर्धा मिलिमीटर मोठी घ्यावी, म्हणजे ९.५ च्या कड्याला १० ची. मोठी टिप तासून बरोबर करता येते, लहान पडली तर इलाज नाही. पूलच्या टिप १२-१३ मिलिमीटरच्या असतात, त्या इथे उपयोगाच्या नाहीत.

प्रकार मुख्यतः दोन. एक, अखंड दाबलेल्या चामड्याची. निळ्या रंगाची एल्क मास्टर ही त्यातली सर्वांच्या ओळखीची. दुसरी, पातळ थर एकावर एक चिकटवलेली, जशी जपानी कामुई. थरांची टिप आकार जास्त दिवस धरते, पण महाग पडते. शिकणाऱ्याने पहिल्यांदा निळीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तीन-चार टिप हाताशी असल्या की हात चालवायला भीती वाटत नाही. मात्र एकाच डबीतल्या निळ्या टिपही सारख्या नसतात. फरशीवर एकेक टाकून आवाज ऐका. टणक टिप खणखणीत वाजते, भुसभुशीत टिप बद्द वाजते. यांच्या मधली निवडा.

बाकीचं साहित्य गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: धारदार ब्लेड किंवा कटर, बारीक दातांची सपाट कानस, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिशपेपर, कागदी चिकटपट्टी आणि झटपट चिकटणारा गोंद. गोंद जेलसारखा दाट मिळाला तर तोच घ्या. पातळ गोंद चामड्यात झिरपतो, आणि तेवढा भाग लाकडासारखा कडक होतो.

पितळावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. जुनी टिप उचकटू नका, पितळी कडं हलू शकतं. ब्लेड आडवं धरून पातळ काप घेत खाली या. धार नेहमी हातापासून दूर जाणारी असू द्या. शेवटचा पापुद्रा आणि सुकलेला गोंद खरवडून काढा.

आता खरं काम. कड्याच्या मधोमध क्यूचं लाकूड दिसेल. पितळ आणि लाकूड एका पातळीत आणायचं आहे. क्यू टेबलावर आडवा ठेवा, कानस टोकाला काटकोनात लावून दोन-तीन हलके हात मारा, क्यू पाव फेरा फिरवा, पुन्हा तेच. एकाच बाजूने घासलं तर टोक हमखास तिरकं होतं. मग पोलादी पट्टी टोकावर टेकवून ट्यूबलाइटसमोर धरा. पट्टीखालून कुठूनही उजेड दिसला तर पुन्हा कानस. सुताराचा गुण्या असेल तर काटकोनही तपासा. पितळ जपून, गरजेपुरतंच घासा. झिजलेलं परत येत नाही. इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

टिपची खालची बाजू काचेवर ठेवलेल्या १२० च्या पेपरवर चार-पाच वेळा गोल फिरवून खरखरीत करा. टोक आणि टिप कोरड्या फडक्याने पुसा. त्यानंतर बोट लावू नका, घामाचा तेलकटपणा गोंदाला चालत नाही.

गोंदाचा एकच थेंब, टोकाच्या मध्यावर. टिप ठेवा, चारही बाजूंनी पाहून मध्यावर आणा, मग क्यू उलटा करून सपाट लाकडावर सरळ दाबून मिनिटभर धरा. हा गोंद हवेतल्या ओलीमुळे आवळतो. म्हणून भीमाशंकर-डिंभ्याकडे किंवा माळशेज घाटाजवळ पावसाळ्यात तो पटकन धरतो, टिप सरकवायला जेमतेम क्षण मिळतात. आणे पठारावर उन्हाळ्यात मात्र तो रेंगाळतो. दोन्हीकडे रात्रभर तसाच राहू द्यावा, हेच बरं. ओलीचा परिणाम चामड्यावरही होतो. पावसाळ्यात ढोलकीचं पान उतरतं, तशी टिपही मऊ पडते. नारायणगावच्या तमाशा फडांमध्ये हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी क्यू उलटा करून टिप लाकडी फळीवर दाबा आणि ब्लेड पितळाच्या बाजूने खाली फळीकडे नेत बाहेर आलेली कड छाटा. पातळ, पातळ काप. शेवटचा केसभर भाग ४०० च्या पेपरने उतरवा. कडेला ओलं बोट फिरवून जाड कागदाने जोराने घासा, म्हणजे ती घट्ट होते आणि लवकर फुगत नाही.

वरची गोलाई रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळवा. पेपर कडेपासून मध्याकडे फिरवा, क्यू सतत फिरवत राहा. मध्य खाली गेला तर टिप वाया गेली समजा. चॉक हलक्या हाताने, पुसल्यासारखा लावा.

मऊ टिप पहिल्या काही फ्रेममध्ये दबून पुन्हा बाहेर येणारच. तेव्हा चिकटपट्टी लावून कड एकदा छाटा, गोलाई पुन्हा पाहा. स्पर्धा असेल तर टिप निदान आठवडाभर आधी बसवा. पितळाजवळ बारीक फट दिसली तर गोंद भरून भागवू नका. टिप काढा आणि पट्टी घेऊन पुन्हा ट्यूबलाइटसमोर बसा.