नखांवर नक्षी काढा, मुळाला धक्का लावू नका

नवरात्र जवळ आले की साड्यांच्या जोडीने नखांचेही रंग ठरू लागतात. लग्नसराईत मेंदीबरोबर नखांची सजावट आता ठरलेलीच असते. दर वेळी पार्लरमध्ये जाणे परवडत नाही, म्हणून अनेकजणी घरीच नेलपेंटच्या दोन-तीन बाटल्या आणि टूथपिक घेऊन बसतात. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला यात काहीही गैर वाटत नाही. निरोगी नखावर साधे नेलपेंट अधूनमधून लावले, तर बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. तक्रारी सुरू होतात त्या रंगाच्या आधी आणि नंतर: कातडी कापल्यामुळे, रंग खरवडून काढल्यामुळे आणि घरी आणलेल्या जेल किटमुळे.

म्हणून आजचा सल्ला एका वाक्यात सांगते: सजावट नखाच्या टोकाकडे राहू द्या, मुळाकडची जागा मोकळी ठेवा. पुढचे सगळे नमुने मी याच कसोटीवर निवडले आहेत.

नख आधी समजून घ्या

नखाचा दिसणारा कडक भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. तो मृत असतो, म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत असते ते त्याचे मूळ. ते कातडीखाली दडलेले असते आणि तिथे नवे नख सतत तयार होत असते. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी दिसणारी पांढुरकी चंद्रकोर हा त्या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्यानेच. हाताचे नख पूर्ण नवे यायला सुमारे ६ महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचे यायला १२ ते १८ महिने. त्यामुळे मुळाला आज झालेली इजा कित्येक महिने नखावर दिसत राहते.

खिडकीच्या काचेभोवती सुतार लांबी भरतो, तसे नख आणि कातडी यांच्या सांध्यावर क्युटिकल बसलेले असते. पाणी, साबण, जंतू आणि बुरशी आत जाऊ नये हे त्याचे काम. पार्लरमध्ये ‘स्वच्छता’ म्हणून ते कापले जाते आणि घरीही त्याचेच अनुकरण होते. ते कापले की सांधा उघडा पडतो. मग दोन-तीन दिवसांत नखाची कड लाल होते, ठणकते, कधी पू धरते. यालाच आपण नखुर्डे म्हणतो. सतत पाण्यात हात असणाऱ्यांना हे दुखणे पुन्हा पुन्हा होते.

‘नखांना श्वास घेऊ द्या’ असे सांगितले जाते. नख श्वास घेत नाही. त्याला लागणारे सगळे रक्तातून मिळते. तरीही दोन रंगांच्या मध्ये आठवडाभर नखे मोकळी ठेवा, असे मी सांगते. त्याची कारणे वेगळी आहेत. रिमूव्हरने कोरडे पडलेले नख त्या काळात सावरते आणि आपल्याला आपली नखे नीट पाहता येतात.

रंगाआधीची तयारी

आपण हाताने जेवतो, कणीक मळतो, बाळाला भरवतो. लांब नखाखाली घाण साचते आणि कितीही हात धुतले तरी ती पूर्ण निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, रुग्णांशी थेट संपर्क येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नखांची टोके अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवावीत आणि कृत्रिम नखे लावू नयेत असे सांगितले आहे. घरात स्वयंपाक करणाऱ्यांनीही हीच मर्यादा पाळावी. छोट्या नखावरही नक्षी उत्तम खुलते.

नखे अंघोळीनंतर मऊ असताना कापा आणि कड नेल फाइलने एकाच दिशेने घासा. नखाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करू नका. त्याने नख पातळ होते. क्युटिकल वर आलेले वाटले, तर ओल्या मऊ टॉवेलने हलकेच मागे सारा, कात्री लावू नका. प्रत्येकीचे नेलकटर आणि फाइल वेगळी ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नखांवरचा तेलकटपणा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. त्यावर पारदर्शक बेस कोटचा एक पातळ हात द्या. गडद लाल नेलपेंट थेट लावल्याने नखे पिवळी पडतात, ती या थराने वाचतात.

नवी बाटली पहिल्यांदा वापरताना एकाच नखावर लावून दोन-तीन दिवस थांबा. बाटलीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत नसेल, तर स्वस्त आहे म्हणून ती घेऊ नका.

सहा सोपे नमुने

*ठिपक्यांची रांगोळी.* फिकट रंगाचे दोन पातळ हात द्या आणि वाळू द्या. टाचणीचे गोल डोके गडद रंगात बुडवून टोकाशी ३ ठिपके, त्यामागे २, मग १ असे द्या. मूळ आपोआप मोकळे राहते. टाचणीचे टोक मात्र आपल्याकडे कधीच करू नका. बोट घसरले की ते कातडीत शिरते.

*टोकाची पट्टी.* पारदर्शक किंवा गुलाबी रंगावर फक्त टोकाला पांढरी पट्टी. हात थरथरत असेल तर चिकटपट्टी लावून कड आखा. पट्टी आधी हाताच्या पाठीवर एकदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो आणि नखावरून ओढताना खालचा थर उचलला जात नाही.

*पैठणीचा काठ.* जांभळ्या किंवा मोरपंखी रंगावर टोकाला रुंद सोनेरी पट्टी. ती वाळली की टूथपिकने त्यावर ओळीने छोटे त्रिकोण काढा. नारळी काठाचा भास होतो. सगळ्या नखांवर काढायची गरज नाही. अनामिकेवर काठ आणि बाकी नखे साधी, एवढेही सुंदर दिसते.

*स्पंजची छटा.* मेकअपच्या स्पंजच्या तुकड्यावर दोन रंग शेजारी लावा आणि नखावर हलके टेकवा. गडद रंग टोकाकडे ठेवा. यात रंग आजूबाजूला लागतो, म्हणून कातडीला आधी व्हॅसलीन लावा. नंतर कापसाच्या काडीने पुसले की रंग निघून येतो आणि कातडीवर रिमूव्हर लावावा लागत नाही.

*मोकळी चंद्रकोर.* १९२० आणि १९३०च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत ही पद्धत फार लोकप्रिय होती. नखाच्या तळाची चंद्रकोर रिकामी ठेवायची आणि बाकीचे नख रंगवायचे. वह्यांना चिकटवायच्या गोल स्टिकरने आकार नेमका येतो. डॉक्टर म्हणून हा नमुना मला सर्वांत आवडतो. मुळाजवळ रंग जात नाही आणि नख वाढले तरी ते लगेच डोळ्यांत भरत नाही, म्हणून वारंवार रंग काढावा लागत नाही.

*नवरंग.* नवरात्रात रोज साडीप्रमाणे नेलपेंट बदलायचे, तर नऊ दिवसांत नऊ वेळा रिमूव्हर लागेल आणि नखे कोरडी पडून कडांचे पदर सुटू लागतील. त्यापेक्षा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नऊ नखांना नऊ रंग लावा आणि दहावे साधे सोडा. एका बैठकीत नऊही दिवसांची हौस भागते.

प्रत्येक नमुन्यात जाड थर टाळा. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर वाळतात आणि जास्त टिकतात. रंग बोटाला कोरडा लागला तरी आतून घट्ट व्हायला तासभर लागू शकतो, म्हणून हे काम रात्रीच्या जेवणाची भांडी आवरल्यावर करा. खडे आणि मोती चिकटवण्यासाठी घरातला झटपट चिकटणारा डिंक वापरू नका. त्यातले सायनोॲक्रिलेट सुती कापडावर किंवा कापसावर सांडले तर एवढी उष्णता निर्माण होते की कातडी भाजते.

रंग उतरवताना

नेलपेंट आठवड्यापेक्षा फार जास्त ठेवू नका. आठवडेच्या आठवडे तसेच राहिलेल्या रंगाखाली नखाचा वरचा थर सुटून खडबडीत पांढरे चट्टे पडतात. ते पाहून अनेकजणी बुरशीची औषधे सुरू करतात. रंग बंद केला की हे चट्टे बहुधा नखाबरोबर वाढून निघून जातात.

सुटलेला रंग नखाने किंवा सुरीने खरवडू नका. त्याबरोबर नखाचे पापुद्रेही येतात. रिमूव्हरचा बोळा नखावर काही सेकंद धरा आणि मग टोकाकडे ओढा. चमकीचा रंग चिवट असतो. त्यासाठी बोळा नखावर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइल पाच-दहा मिनिटे गुंडाळा. नंतर हात धुऊन नखांना आणि कडेला खोबरेल तेल चोळा.

रिमूव्हरमधले ॲसिटोन झटकन पेट घेते. ते गॅसजवळ, निरांजनाजवळ किंवा दिवाळीत पणत्यांच्या शेजारी कधीही उघडू नका. खिडकी उघडी ठेवा. बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

घरच्या घरी जेल नको

हा एक मुद्दा मी आग्रहाने मांडते. जेल नेलपेंट दिव्याखाली कडक होते, कारण त्यातली ॲक्रिलेट रसायने एकमेकांना जोडली जातात. दिवा कमजोर असेल, वेळ कमी पडला किंवा थर जाड झाला, तर काही रसायन कच्चेच राहते. ते कातडीला लागत राहिले की ॲलर्जी जडते. बोटांची टोके खाजतात, भेगाळतात, नख सुटू लागते. पापण्या आणि मानेवरही पुरळ येते.

ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या काही फिलिंगमध्ये आणि सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये याच कुळातली रसायने असतात, त्यामुळे पुढच्या उपचारांतही अडचण येऊ शकते. युरोपीय संघाने यातले हेमा नावाचे रसायन नखांच्या उत्पादनांत केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरते मर्यादित केले आहे, आणि टीपीओ नावाच्या दुसऱ्या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. नखभर चमकीसाठी एवढी जोखीम घेऊ नका.

साध्या नेलपेंटचीही ॲलर्जी होते, आणि तिची गंमत अशी की नखे अगदी चांगली दिसतात. पुरळ येते ते पापण्यांवर, कारण तिथली कातडी सर्वांत पातळ आणि बोटे तिथे सतत जातात. पापण्या वारंवार खाजत असतील, तर काजळाबरोबर नेलपेंटचाही संशय घ्या. काळ्या मेंदीपासूनही नखे आणि बोटे दूर ठेवा. तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी मिसळलेले असू शकते आणि त्याने कातडीवर फोड येतात.

कोणी विशेष जपावे

मधुमेह असलेल्यांनी पायाच्या नखांची कड कोरू नये. तिथली छोटी जखम लवकर भरत नाही. नखुर्डे, बुरशी किंवा सोरायसिस असेल, तर उपचार पूर्ण होईपर्यंत रंग थांबवा. बोटे तोंडात घालणाऱ्या मुलांना नेलपेंट लावू नका. शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी हातापायांची नखे साफ करा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर नखातून प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजते आणि गडद रंगाने त्याचा आकडा चुकू शकतो. भूल देणारे डॉक्टर नखांचा नैसर्गिक रंगही पाहत असतात.

रंग उतरला की नखे पाहा

नखांवरचे पांढरे ठिपके बहुधा किरकोळ धक्क्याचे असतात. त्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायची गरज नसते. नख चमच्यासारखे खोलगट झाले असेल, तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या. हिरवट डाग म्हणजे सुटलेल्या नखाखाली ओल राहून जंतू वाढल्याची शक्यता. तो रंगाने झाकू नका.

मुळापासून टोकापर्यंत जाणारी तपकिरी किंवा काळी उभी रेघ आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत बरेचदा निरुपद्रवी असते, विशेषतः ती अनेक नखांवर असेल तर. पण एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंदावू लागली किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला, तर तातडीने त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७मध्ये मेलानोमा हा कर्करोग आढळला आणि १९८१मध्ये तो शरीरभर पसरून त्यांचा मृत्यू झाला. हा आजार दुर्मीळ आहे, पण लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.

केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर थायरॉइड किंवा हृदयविकाराच्या रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. या गोळ्यांमुळे काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात.

नखाची कड लाल होऊन ठणकू लागली, तर दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बोट बुडवा आणि कोरडे ठेवा. दोन दिवसांत उतार पडला नाही, पू दिसला किंवा ताप आला, तर घरी सुईने टोचू नका, डॉक्टरांकडे जा. तोवर त्या बोटाला रंग लावू नका. बाकीच्या नऊ नखांवर हौस जरूर करा.