पावसाची वाट पाहणारा चित्रपट

भयपट पाहताना आपण दचकतो. परंतु ती भीती निर्माण करण्यासाठी काय करावे लागते, याचा विचार सहसा करत नाही. बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात काचेच्या इमारती रात्रभर उजळलेल्या असतात. तुटपुंज्या भांडवलावर तेथे भयपट करावयाचा झाल्यास दिग्दर्शकाला प्रथम अंधारच शोधावा लागेल. अंधाराला खर्च येत नाही, हा एक गोड गैरसमज आहे. पडद्यावरचा अंधार मोजून-मापून टाकलेल्या प्रकाशातूनच घडतो.

या दृष्टीने राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाची जडणघडण अभ्यासण्याजोगी आहे. नारायण धारपांच्या एका कथेने त्यांच्या मनात या चित्रपटाचे बीज रुजवले. पहिला मसुदा त्यांनी १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला. पुढे प्रत्येक दृश्याची रेखाटने असलेला ७०० पानांचा आराखडा तयार झाला. निर्माते मात्र येत गेले आणि माघार घेत गेले. त्यांनाच दोष का द्यावा? ज्याची तुलना कशाशीच करता येत नाही, अशा चित्रपटात पैसा घालणे हा जुगारच!

अखेर अभिनेते सोहम शाह निर्माते म्हणून पुढे आले. २०१२ मध्ये चित्रीकरण झाले. पण संकलित चित्रपट पाहून दोघांचेही समाधान झाले नाही. पटकथा पुन्हा लिहिली गेली आणि २०१५ पर्यंत नव्याने चित्रीकरण चालले.

खरी परीक्षा पावसाची होती. टँकर लावून पाऊस पाडता येतो, पण तो अंगणापुरता. डोंगरदऱ्यांवर दाटलेले आभाळ टँकरमधून कसे येणार? म्हणून चार पावसाळे खर्ची पडले. पाऊस उघडला की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे, आणि तोवर नटाचे रूप, बालकलाकाराची उंची, सारेच बदलण्याचा धोका! सासवडच्या जुन्या वाड्याने चित्रपटाला जी ओल दिली, ती रंगवलेल्या भिंतींना क्वचितच साधली असती. शापित आजीची भूमिका तर मोहम्मद समद या मुलानेच जड रंगभूषेखाली केली. नायकाच्या मुलाची भूमिकाही त्याचीच, हे अनेक प्रेक्षकांच्या ध्यानातही आले नाही.

२०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. १२ ऑक्टोबरला तो भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा उत्पन्न बेताचेच होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला.