लांबचे रेडिओ केंद्र

मुलांनो, एफ. एम. रेडिओच्या लहरी सुमारे ३ मीटर लांबीच्या असतात. त्या जवळजवळ सरळ जातात, म्हणून डोंगर आड आला की आवाज खरखरतो. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये असाच डोंगर आहे. शिवाय पृथ्वी गोल, म्हणून दूरचे केंद्र लागत नाही.

पण उन्हाळ्यात कधी कधी लागते! समुद्रावर खाली गार, दमट हवा आणि वर उष्ण, कोरडी हवा असे थर बसतात. त्यांच्यात सापडलेल्या लहरी नळातल्या पाण्यासारख्या लांब जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईकडच्या रडारला उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत. पावसाळ्यात ते थांबत.

मे महिन्यात मी बोरिवलीला मामाकडे गेलो होतो. पहाटे गच्चीवर रेडिओत अरबी बोलणे ऐकू आले. मी वहीत तारीख, वेळ, काट्याचा आकडा लिहिला आणि पुढे ‘दुबई’ लिहिले.

मामा म्हणाला, “केंद्राचं नाव ऐकलंस का?”

“नाही.”

“मग खोड ते. अरबी बऱ्याच देशांत बोलतात.”

मी खोडले आणि ‘अरबी, नाव कळले नाही’ असे लिहिले.

लक्षात ठेवा : जे ऐकले तेच लिहावे. एरियल विजेच्या तारांजवळ नेऊ नये.

प्रश्न : पावसाळ्यात लांबचे केंद्र का लागत नसेल?