देवाच्या घरची चोरी

भाची : मामा, कार्तिकीच्या तोंडावर आळंदीला इंद्रायणी फेसाळते, तेव्हा सगळे म्हणतात की नदीचं पावित्र्य भंगलं. इंग्रजीत यालाच सॅक्रिलेज म्हणतात ना?

मामा : हो. मूळ लॅटिन. 'साकेर' म्हणजे देवाला वाहिलेलं आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणं, उचलून नेणं. रोमन लोक देवळातल्या चोरीला 'साक्रिलेगियुम' म्हणत. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याने देवळांतल्या मूर्ती लुटल्या, इ.स.पू. ७० मध्ये रोमन वक्ता सिसेरोने त्याच्यावर खटला चालवला. पवित्र गोष्टीची कुठलीही विटंबना, हा अर्थ पुढे आला.

भाची : म्हणजे मुळात विटाळाचा संबंध नाही?

मामा : विटाळाच्या जवळचा शब्द वेगळा आहे, 'प्रोफानुस'. 'फानुम' म्हणजे देऊळ, 'प्रो' म्हणजे पुढे. देवळाच्या पुढ्यात, उंबऱ्याबाहेर राहिलेलं.

भाची : देवळाबाहेर ठेवलेल्या संत चोखोबांसारखं?

मामा : अगदी. पंढरपूरला त्यांची समाधीसुद्धा महाद्वारापाशी, बाहेरच आहे. देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. माणसाच्या पावलाने देव बाटतो, हे मला कधीच पटलेलं नाही. आपण शतकानुशतकं माणसांवर आळ घेतला आणि जे खरंच लुटलं जात होतं, तिकडे बघितलं नाही.

भाची : नदीत कोण काय लुटतंय?

मामा : तू चाकणला कारखान्यात आहेस, तूच सांग.

भाची : ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, चालवायचं तर वीज, रसायनं, गाळाची विल्हेवाट, सगळ्याला पैसा लागतो. तो वाचवायला कुणी पाणी तसंच ओढ्यात सोडतं. त्यात गावा-शहरांचं न शुद्ध केलेलं सांडपाणी. साबणाची द्रव्यं असलेलं पाणी बंधाऱ्यावरून कोसळलं की फेस होतो.

मामा : वाचलेला पैसा त्यांचा, आणि वारकरी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो ते पाणी नासलेलं. त्याच्या ओंजळीतलं काढून घेतलं ना? म्हणून मला इथे साक्रिलेगियुम त्याच्या जुन्या अर्थानेच लागू वाटतो.

भाची : मग गुन्हा कुठल्या कलमाखाली?

मामा : भारतीय न्याय संहितेचं कलम २९८ पूजास्थान किंवा पवित्र वस्तू भ्रष्ट करण्याबद्दल आहे, पण त्यात धर्माच्या अवमानाचा हेतू, किंवा लोक तो अवमान मानतील याची जाणीव, दाखवावी लागते. रात्री व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला कुणाचा अवमान करायचा नसतो; तो कदाचित स्वतःही वारी करत असेल. त्याच्यासाठी १९७४चा जलप्रदूषण कायदा आहे. तिथे धर्माचा प्रश्नच येत नाही, प्रदूषण मंडळाने पाण्याचा नमुना वेळेवर घ्यायला हवा.