पोटात वायू, दुखणे खांद्यात!



आमच्या छावणीतील एका विद्यार्थ्याच्या आईचे पित्ताशय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढले. दुसऱ्या दिवशी तिचा उजवा खांदा दुखू लागला. "सर, ऑपरेशन पोटाचे, मग खांदा का दुखतो? काही चुकले तर नाही ना?" त्याने घाबरून विचारले. उत्तराचा बराचसा भाग तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

भारतात अशी पित्ताशयाची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आत नीट दिसावे म्हणून पोटाच्या पोकळीत कार्बन डाय-ऑक्साइड भरून पोट तंबूसारखे फुगवतात. साधी हवा का नाही? हा वायू ज्वलनाला मदत करीत नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनच्या वीस पटींहून अधिक विरघळतो. बुडबुडा चुकून रक्तात शिरलाच, तरी हवेपेक्षा धोका कमी.

दाबाचे गणित

हा दाब सामान्यतः १२ ते १५ मिमी पारा असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून १५ मिमी पारा म्हणजे सुमारे २० सेंमी पाण्याचा स्तंभ, अर्थात दर चौ. सेंमीवर २० ग्रॅम भार. किरकोळ वाटते ना? पण श्वासपटलाचे क्षेत्रफळ २५० चौ. सेंमी धरा. एकूण भार झाला ५ किलोग्रॅम! श्वासपटल वर ढकलले जाते आणि फुफ्फुसांना फुगायला जागा कमी पडते. धमन्यांतील दाब १२०/८० मिमी असल्याने त्या तग धरतात; शिरांतील दाब थोडा, म्हणून त्या चेपतात व हृदयाकडे परतणारे रक्त घटू शकते.

रक्तातील आम्ल

विरघळलेल्या वायूचे कार्बोनिक आम्ल बनते आणि रक्ताचा सामू (एरवी ७.३५ ते ७.४५) उतरू लागतो. म्हणून भूलतज्ज्ञ उच्छ्वासातील वायू सतत मोजतात व यंत्राने श्वासोच्छ्वास वाढवून जादा वायू बाहेर काढतात.

आणि खांदा?

शेवटी वायू सोडून देतात. थोडा श्वासपटलाखाली उरतो. श्वासपटलाच्या व खांद्याच्या चेता मानेतील मज्जारज्जूच्या एकाच भागाशी जोडलेल्या असतात. मेंदूची गल्लत होते! हे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. मात्र धाप लागली, छातीत दुखले किंवा ताप आला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

करून पाहा : पेलाभर पाण्यात चुन्याच्या निवळीचे थोडे थेंब व फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब टाका. गुलाबी पाण्यात नळीने फुंका (ओढू नका). रंग का गेला?

सोडवा : दाब १२ मिमी ठेवला, तर श्वासपटलावरील भार किती?